राजांगणाच्या जुन्या घरात पाहुण्यांसाठी किती खोल्या काढाव्यात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फोंडा तालुक्यातील तुमचे वडिलोपार्जित घर शंभर वर्षांहून जुने आहे. पुढे वसरी (ओसरी), मधोमध राजांगण, म्हणजे आतला उघडा चौक, मागे न्हाणी आणि मांगर (सामानाचे वेगळे घर), त्यापलीकडे कुळागर (पोफळी-माडांची बाग). आईवडील तिथेच राहतात, तुम्ही पुण्यात नोकरी करता. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की काम काढायचे आणि नाताळापर्यंत सहा वातानुकूलित खोल्या तयार करायच्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर द्यायचे, असा तुमचा बेत आहे. कंत्राटदाराने सुचवले आहे की लाकडी छप्पर उतरवून स्लॅब टाकावा आणि त्यावर मंगळुरी कौले बसवावीत, म्हणजे घर बाहेरून जुने दिसेल आणि आतून पक्के होईल. असे केल्यास वारसा टिकतो का, आणि जुन्या वस्तूंपैकी कोणत्या ठेवाव्यात, हे तुम्ही विचारले आहे.

मी स्थापत्य अभियंता असून गोव्यातील जुन्या घरांच्या दुरुस्तीचेच काम प्रामुख्याने करतो, आणि त्या अनुभवावरून प्रश्नाची मांडणी थोडी बदलावी असे मला वाटते. कोरीव खांब, जाड फळ्यांचे दरवाजे, शिंपल्यांची तावदाने आणि तुळशीवृंदावन जपणे तुलनेने सोपे असते, कारण या गोष्टी डोळ्यांना दिसतात आणि पाहुण्यांनाही आवडतात. त्यामुळे कोणी त्या मुद्दाम मोडत नाही. जे नजरेला पडत नाही ते आधी जाते: भिंत ओलावा कशी सोडते, छपरातून गरम हवा कशी निघून जाते, राजांगणातले पाणी कुठल्या वाटेने बाहेर पडते, आणि घरातल्या कोणत्या जागेवर कोणाचा हक्क आहे. म्हणून हे घर किती पाणी आणि किती परकी वर्दळ सोसू शकते, हा तुमचा खरा प्रश्न आहे. खोल्यांचा आकडा त्याच्या उत्तरातून निघायला हवा. तो आधी कर्जाच्या हप्त्यावरून ठरवला, तर पुढचा प्रत्येक निर्णय घराच्या विरोधात जातो.

घर मी पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. सगळ्या भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) आहेत की मधल्या भिंती मातीच्या आहेत, जमीन कुळागराकडे उतरते की घराकडे, विहीर घराच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, आणि भाऊबंद किती आहेत, या चार गोष्टी कळल्याशिवाय कोणताही नकाशा काढण्यात अर्थ नाही. पुढे जे लिहितो ते या चार उत्तरांनुसार कमीजास्त होईल.

स्लॅबपासून सुरुवात करतो, कारण तो एकदा पडला की बाकीची चर्चा संपते. मंगळुरी कौलांच्या छपराचे वजन रिपांसह (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांसह) दर चौरस मीटरला 65 किलोच्या आसपास भरते. 100 मिलिमीटर जाडीचा साधा स्लॅब घेतला तर तेच वजन 250 किलो होते, आणि त्यावर उतार, गिलावा व पुन्हा कौले आली की ते 300 च्या पुढे जाते. तुमच्या भिंती या ओझ्यासाठी बांधलेल्या नाहीत. फोंडा, डिचोली, सत्तरी या भागांतील चौकीच्या, म्हणजे राजांगण असलेल्या, घरांत बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या आणि आतल्या मातीच्या किंवा माती-चिरा मिश्र अशा मला नेहमी आढळतात, आणि वरच्या गिलाव्यामुळे हा फरक घरच्यांनाही ठाऊक नसतो. माळ्याच्या पातळीवर, जिथे गिलावा केलेला नसतो, तिथे टॉर्च मारून पाहिले की तो लगेच कळतो. मातीच्या भिंतीवर स्लॅबचा भार टाकता येत नाही, म्हणून कंत्राटदार पुढे खांब सुचवील. खांबांसाठी भिंती कापाव्या लागतील, खांबांना पाया लागेल, आणि शेवटी जुन्या भिंती नुसते पडदे म्हणून उभ्या राहतील. म्हणजे घर पक्के केले असे म्हणताना प्रत्यक्षात दुसरेच घर बांधलेले असेल.

वजन बाजूला ठेवले तरी गळतीचा प्रश्न राहतो. कौलारू छपरात गळती झाली की खाली थेंब पडतो, वर पाहिले की फुटलेले कौल दिसते आणि अर्ध्या तासात ते बदलता येते. स्लॅबवर कौले असली की पाणी कौलांखालून फिरून भलतीकडेच उतरते, आणि दोन पावसाळे उलटल्यावर सळ्या गंजून स्लॅबचे पोपडे पडू लागल्यावरच ते कळते. शिवाय कौलांच्या फटींतून जी हवा सुटते, ती स्लॅबखाली कोंडते. मग वातानुकूलन यंत्राशिवाय खोलीत बसवत नाही, आणि यंत्र लावले की विजेचे बिल घरभाड्याचा मोठा वाटा खाते. छप्पर लाकडीच ठेवा, हे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडी छप्पर ठेवायचे म्हणजे त्यातले प्रत्येक लाकूड ठेवायचे असे नाही. वासे आणि तुळया बहुधा मधोमध कुजत नाहीत. त्या भिंतीत शिरतात तिथले टोक कुजते, कारण तिथे ओल असते आणि हवा नसते. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावे. तो सहज आत गेला तर तेवढा भाग बाद समजावा. चांगला सुतार कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या लाकडाचा तिरका जोड देतो आणि उरलेली तुळई जागेवर राहते. आपल्याकडे ऐन, म्हणजे ज्याला आपण माट्टी म्हणतो तो, किंदळ, फणस आणि साग ही लाकडे जुन्या छपरांत सापडतात. पाडलेल्या घरांचे सुकलेले लाकूड मिळाले तर ते नव्या लाकडापेक्षा बरे, कारण त्याला जेवढे वाकायचे तेवढे ते आधीच वाकलेले असते. अंगणातला फणस तोडून वासे काढायचा विचार असेल, तर 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ओले लाकूड सुकायला वेळ द्यावा लागतो. वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण मी वापरतो. काजूच्या टरफलांचे तेल ही आपल्याकडची जुनी पद्धतही उपयोगी आहे, मात्र ते कातडीला भाजते, म्हणून हातमोज्यांशिवाय कोणाला लावू देऊ नका.

कौलांबाबत एक व्यावहारिक गोष्ट. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि त्यानंतर ही चपटी, खाचांची कौले किनाऱ्यावर पसरली. त्याआधीची आपली घरे अर्धगोल नळ्यांची असत. पण वेगवेगळ्या कारखान्यांची कौले मापात किंचित वेगळी असतात आणि त्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. जुन्या आणि नव्या कौलांची सरमिसळ केली की गळती हमखास होते. उतरवताना प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहावे, खणखणीत वाजणारी एका बाजूला ठेवावीत आणि ती सगळी एकाच पाखीवर (छपराच्या एकाच उतारावर), शक्यतो दर्शनी बाजूला, लावावीत; मागच्या पाखीवर सगळी नवी. कुळागराला लागून घर असल्यामुळे माकडे कौले सरकवणार हे गृहीत धरा आणि शे-दीडशे कौले मांगरात राखून ठेवा. दरवर्षी मे महिन्यात कौले परतून घेण्याचा खर्च हा या व्यवसायाचा कायमचा खर्च आहे. तो हिशोबात नसेल तर हिशोब खोटा आहे.

आता भिंती. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिरा हा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी हा ओलावा अडवत नाहीत, म्हणून पूर्वीच्या भिंती पावसाळ्यात ओल्या होत आणि दिवाळीपर्यंत सुकत. सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, अडली की वर चढते, आणि जिथे गिलावा संपतो तिथून लोणा (क्षारांचा पांढरा थर) बाहेर पडतो. लोक मग आणखी वरपर्यंत सिमेंट लावतात आणि ओल आणखी वर जाते. तुमच्या घराला मागच्या पिढीत कधीतरी सिमेंट लागलेच असेल. ते काळजीपूर्वक काढून भिंत कोरड्या दिवसांत काही महिने उघडी सुकू द्यावी लागते. नवा चुन्याचा गिलावा पातळ थरांत करावा लागतो, दोन थरांमध्ये दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि कळीचा चुना विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला असावा लागतो. चुन्याचे काम येणारे गवंडी कमी उरले आहेत, ते आगाऊ ठरवावे लागतात. वाळू खारी नको. किनाऱ्यालगतची वाळू वापरलेली भिंत कधीच कोरडी होत नाही.

पण गिलाव्याला हात लावण्याआधी घराभोवती फिरून जोते पाहा. अंगणात भर घालून, फरशी बसवून, रस्ता उंच होऊन बाहेरची जमीन वर आलेली असते आणि जोत्याचे दोन-तीन थर मातीखाली गेलेले असतात. ही भर काढून जमीन खाली नेणे, वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर टाकणे आणि कडेने उघडी व्हाळी (पाण्याची नाली) काढणे यांचा खर्च बाकीच्या मानाने क्षुल्लक असतो, आणि अनेक घरांत ओल कमी करण्याचे निम्मे काम तेवढ्यानेच होते. आत चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घालू नका. जमिनीतली वाफ त्यांतून वर येऊ शकत नाही, ती बाजूला सरकून भिंतीत चढते. तांबडा कोबा असेल तर तो दुरुस्त करून ठेवावा. चुन्यावर बसवलेल्या भाजक्या मातीच्या लाद्याही चालतात.

राजांगण काचेने किंवा पॉलिकार्बोनेटने झाकू नका. पाहुण्यांना भिजायला नको म्हणून हे सर्रास सुचवले जाते. आतल्या बाजूला उतरणारी छपरे धरून राजांगणात शंभर चौरस मीटरवरचे पाणी येत असेल, तर 100 मिलिमीटर पावसाच्या दिवशी ते 10,000 लिटर होते, आणि जुलैमध्ये असे दिवस आपल्याकडे येतातच. जुन्या बांधणाऱ्यांनी ते पाणी घराखालून किंवा कडेने बाहेर नेण्याची वाट ठेवलेली असते. ती बुजली असेल तर शोधून मोकळी करावी लागते. वर झाकण घातले की हे पाणी कुठेतरी दुसरीकडे टाकावे लागते, आणि खालून वर जाणारा हवेचा झोत बंद होतो. भोवतालच्या सोप्यावरून वळचणीखालून फिरता येते. पाहुण्यांना तेवढे पुरते.

इथवर पावसाचे आणि जमिनीचे पाणी झाले. तिसरे पाणी तुम्ही स्वतः घरात आणणार आहात, आणि जुन्या घराला सर्वांत जास्त इजा त्यानेच होते. पूर्वी न्हाणी घराच्या मागे, वेगळ्या पडवीत आणि उतारावर असे, आणि तिचे पाणी थेट माडांना किंवा केळींना जाई. सहा खोल्यांना सहा न्हाणीघरे म्हणजे बारा माणसे; प्रत्येकी 150 लिटर धरले तरी रोज 1,800 लिटर पाणी घरात येणार आणि बाहेर जाणार. माजघराच्या मातीच्या भिंतीला टेकून न्हाणीघर काढले, तर पाइपचा एक सांधा सैल होताच ती भिंत खालून मऊ होऊ लागते, आणि टाइल्समुळे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून मी एक नियम पाळतो: नवे न्हाणीघर फक्त बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला लागून, शक्यतो मागच्या पडवीत किंवा मांगरात, स्वतःच्या वेगळ्या पायावर आणि जुन्या भिंतीपासून बोटभर फट सोडून. पाइप भिंतीत खोबण पाडून न नेता भिंतीच्या बाहेरून न्यावेत. ते दिसतात हे खरे. तांब्याचे घेतले किंवा लाकडी पट्टीखाली ठेवले तर डोळ्यांत खुपत नाहीत, आणि गळले तर लगेच दिसतात. लाकडी माळ्यावर न्हाणीघर तर कोणत्याही परिस्थितीत नको.

सांडपाण्याची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून 15 मीटरच्या आत मी कधीच घेत नाही, आणि जागा असेल तर त्याहून दूर जातो, कारण चिऱ्याच्या जमिनीत भेगा असतात आणि पाणी अपेक्षेपेक्षा लवकर वाहते. विहीर खालच्या अंगाला आणि शोषखड्डा वरच्या अंगाला अशी मांडणी तर कोणत्याही अंतरावर टाळा. कुळागराच्या वाड्यांमध्ये नेमकी हीच अडचण येते: घर वर, विहीर खाली आणि बाग त्याहून खाली. तुमच्याकडे तसेच असेल, तर संडासाची टाकी बाजूला न्यावी लागेल, आणि त्या जागेवरून किती माणसांचा भार घेता येतो ते ठरेल. आंघोळीचे साबणाचे पाणी वेगळे काढून गाळखड्ड्यातून केळींना देता येते.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर छप्पर लाकडी, भिंतींना चुना, राजांगण उघडे आणि न्हाणीघरे फक्त बाहेरच्या अंगाला. हे मान्य केले की खोल्यांचा आकडा आपोआप खाली येतो. ज्या खोल्यांना बाहेरची चिऱ्याची भिंत आहे आणि ज्या वापरात घरच्यांची वाट अडत नाही, त्याच पाहुण्यांना देता येतील. तुम्ही वर्णन केलेल्या घरात त्या दोन निघतील असे मला वाटते, आणि मांगर सुस्थितीत असेल तर तिसरी. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत कमाल मर्यादा सहा खोल्या आणि बारा खाटा अशी आहे, म्हणून लोक सहाचा आकडा डोक्यात धरतात. ती वरची मर्यादा आहे, तेवढ्या खोल्या काढल्याच पाहिजेत असे नाही. मांगरातली खोली बहुधा सर्वांत जास्त भाडे मिळवते, कारण तिथे एकांत असतो. मुख्य घरातल्या खोल्यांत लाकडी तावदानांपलीकडचे बोलणे ऐकू येते, आणि हे आरक्षणाच्या आधीच पाहुण्यांना सांगणे बरे. बुटके दरवाजे, पाली, पावसाळ्यातले बेडूक आणि पहाटेचा कोंबडा हेही सांगावे. जे ऐकून मागे फिरतात ते आले असते तर तक्रारच करणार होते.

कोणत्या जागा द्यायच्या नाहीत, ते सगळ्यात आधी ठरवा. देवखोली, तिच्यासमोरचा सोपा आणि स्वयंपाकघर या जागा कुटुंबाच्याच राहाव्यात. माटोळी (चवथीला गणपतीच्या वर बांधायची फळापानांची आरास) जिथे बांधली जाते तिथली लाकडी चौकट किंवा कड्या काढू नका आणि तिच्याखाली पलंग येईल अशी रचना करू नका. हे मी केवळ श्रद्धेपोटी म्हणत नाही. तुमचे मूळ घर असेल तर चवथीला सगळे भाऊबंद तिथेच येतात. त्या दिवसांत खोल्या त्यांच्यासाठी लागतात आणि पाहुण्यांना बंद ठेवाव्या लागतात. गावच्या देवाची जत्रा, शिगमो (शिमगा) आणि घरातील कार्ये यांच्याही तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच आरक्षणातून काढून ठेवा. ज्या घरात पाहुण्यांमुळे चुलत्यांना चवथीला जागा मिळाली नाही, त्या घरात पुढच्या वर्षी दुरुस्तीला सही मिळत नाही.

यावरून हक्काची गोष्ट आलीच. गोव्यातली आपली वारसाहक्काची पद्धत 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आली आहे, आणि तिच्यानुसार विवाहित सहहिस्सेदाराच्या मालमत्तेत, वेगळा करार नसेल तर, पती किंवा पत्नीचाही वाटा असतो. त्यामुळे तुमच्या आजोबांच्या नावावरचे घर अजून वाटले गेले नसेल, तर तुम्ही, तुमची भावंडे, चुलते, आत्या आणि त्या सर्वांचे जोडीदार या सगळ्यांचा संबंध येतो. 2012 च्या वारसा व इन्व्हेंटरी कायद्याप्रमाणे वाटणी करून घेता येते, पण त्याला वेळ लागतो. वाटणी नको असेल तर निदान सर्वांच्या सहीने एक लेखी करार करा: कोणत्या खोल्या, किती वर्षे, खर्च कोणाचा, उत्पन्नात कोणाचा किती वाटा आणि चवथीचे दिवस. आवारात मुंडकाराचे (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) घर असेल तर 1975 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याची वाट किंवा विहिरीचा वापर बदलणारा नकाशा काढूच नका. वकील यातला जाणकारच घ्यावा, कारण गोव्याबाहेरच्या वकिलाला ही पद्धत परिचयाची नसते.

परवान्यांबद्दल थोडक्यात सांगतो. दुरुस्तीसाठी पंचायतीचा परवाना लागतो; भिंती किंवा छपराची उंची बदलत असेल तर नगरनियोजन खात्यात आधी विचारा, आणि घर वारसा यादीत आहे का तेही तिथेच पाहून घ्या. भरती-ओहोटीची नदी किंवा खाजन जमीन (खाऱ्या पाण्यालगतची बांध घातलेली सखल जमीन) जवळ असेल तर किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होऊ शकतात. फोंडा तालुका समुद्रावर नाही म्हणून ते लागत नाहीत, हा समज चुकीचा आहे. पाहुणे ठेवण्यासाठी 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करावी लागते. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी, आणि परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची ऑनलाइन माहिती देणे, या दोन गोष्टी लोक विसरतात.

वेळापत्रकाबाबत तुम्हाला निराश करावे लागेल. चवथीनंतर सुरू करून नाताळाला पाहुणे घेणे शक्य नाही. ऑक्टोबरपर्यंत भिंती ओल्याच असतात. माझा सल्ला असा की येता पावसाळा कोणतेही काम न काढता तुम्ही स्वतः घरात काही दिवस राहून पाहावा. गळतीच्या जागांवर खडूने खूण करा, भिंतीवर ओल कुठपर्यंत चढते तिथे तारखेसह रेघ ओढा, राजांगणातले पाणी किती वेळात ओसरते ते पाहा. या नोंदी कोणत्याही तज्ज्ञाच्या एका भेटीपेक्षा मोलाच्या असतात. नोव्हेंबरपासून जोते, व्हाळी आणि सिमेंट काढण्याचे काम. डिसेंबर ते मार्च छप्पर, एका वेळी एकच पाखी. मग चुन्याचे काम. आणि मेच्या मध्यापर्यंत छप्पर पूर्ण बंद. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण वळवाच्या सरी त्याआधीच येतात, आणि उघड्या मातीच्या भिंतीवर पडलेली एक जोरदार सर फार मोठे नुकसान करते. त्यानंतरचा पावसाळा केलेल्या कामाची परीक्षा म्हणून जाऊ द्या, आणि पाहुणे त्यापुढच्या नोव्हेंबरात घ्या. म्हणजे दीड वर्ष.

वातानुकूलन यंत्र सरसकट नको. ज्या खोलीला लाकडी माळा आहे तिथेच ते काम करते. उघड्या कौलांखाली थंड हवा टिकत नाही. बसवलेच तर त्याच्या पाण्याची नळी भिंतीवर न सोडता व्हाळीत न्या. विजेच्या तारा नव्याने घालाव्याच लागतील. त्या भिंती न फोडता पृष्ठभागावरून न्याव्यात, आणि विजेची गळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच प्रत्येक न्हाणीघरासाठी लावावा.

जुन्या वस्तूंबद्दल तुम्ही विचारले होते. ज्या वस्तू घरात वापरात होत्या त्या जागेवर ठेवा आणि शक्य असेल तर वापरात ठेवा. शिंपल्यांची तावदाने नव्याने मिळणे कठीण, म्हणून फुटक्या खिडक्यांतले चांगले शिंपले एका खिडकीत एकत्र करून उरलेल्या चौकटींना साधी काच लावा. दुसऱ्या गावातल्या पाडलेल्या घरांचे खांब आणून वसरीत उभे करण्याचा मोह टाळा. फोंडा तालुक्यातील हिंदू घराला दक्षिण गोव्यातील सासष्टीच्या घरासारखा बल्कांव (दारापुढचा बसायचे बाक असलेला छपराचा ओटा) जोडलेला मी पाहिला आहे. पाहुण्यांना तो फोटोसाठी आवडला, पण त्याचे छप्पर मूळ वळचणीला नीट मिळाले नाही आणि वसरीच्या भिंतीत पाणी शिरले. वस्तू कशा ठेवाव्यात याची कल्पना यायला पर्वरीजवळ तोर्डा येथील गोव्याच्या घरांचे संग्रहालय आणि लोटलीतील जुनी घरे एकदा पाहून या, आणि पाहताना मांडणीपेक्षा छपराकडे आणि जोत्याकडे लक्ष द्या.

शेवटी कंत्राटाविषयी. जुन्या घराच्या दुरुस्तीचा चौरस मीटरवर दर लावू देऊ नका. तो दर लावला की कंत्राटदाराला कुजलेले टोक जोडण्यापेक्षा सगळी तुळई बदलणे आणि चुन्यापेक्षा सिमेंट वापरणे फायद्याचे ठरते. छप्पर आणि गिलावा ही कामे रोजंदारीवर द्या, साहित्य स्वतः आणा, आणि कोणतेही जुने लाकूड तुम्हाला दाखवल्याशिवाय आवाराबाहेर जाणार नाही असे लिहून घ्या. जोते, व्हाळ्या, न्हाणीघरे आणि टाकी ही मोजता येणारी कामे आहेत. ती ठरावीक रकमेत देता येतात. माझ्या कामांत खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग छप्पर आणि पाण्याचा निचरा यांवर जातो. तुमच्या कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात हे प्रमाण उलटे असेल, म्हणजे टाइल्स, फिटिंग्ज आणि फर्निचर यांवर जास्त रक्कम असेल, तर ते अंदाजपत्रक परत करा आणि छपराचा व निचऱ्याचा तपशील वेगळा मागून घ्या.